बेथागचं कापड

टॉर्मोद कोठाराच्या दारापर्यंत आला आणि पुन्हा समुद्राकडे वळला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. आत लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसून बायका गाण्यांच्या तालावर ओलं कापड आपटत होत्या. तसं आपटलं की लोकर घट्ट होते, वारा आरपार जात नाही. बेथागने मागावर विणलेलं हे शेवटचं कापड. नवऱ्यासाठीच, टॉर्मोदसाठीच विणलं होतं. मग ती गेली, आणि कापड तसंच पेटीत राहिलं.

अचानक आतला आवाज थांबला. तो धावत दाराशी आला.

"झालं?"

"कुठलं व्हायला," मार्सली आतून म्हणाली. ती बेथागची धाकटी बहीण. बेथागच्या मागे आता तीच गाणं सांगायची, बाकीच्या धरायच्या. "गाणी संपली, दाजी. कापड अजून ढिलंच आहे. एवढं जाड कशाला विणायला सांगितलंत? ताई गेली तरी आमचे हात मोडतेय."

"मग पहिलं गाणं परत घ्या."

"एका कापडावर एकच गाणं दोनदा? अपशकुन तो! आणि अंगावर घेणार तुम्ही. उद्या होडी उलटली म्हणजे?"

"जमीनदाराकडे एडिंबराहून इटलीचा व्हायोलिनवाला आलाय म्हणे," कुणीतरी म्हणालं. "त्याला बोलवा."

"इथला वास सोसायचा नाही त्याला."

सगळ्या हसल्या. लोकरीचा तेलकटपणा जावा म्हणून कापड रात्रभर शिळ्या मुतात भिजत घातलं होतं.

टॉर्मोदला हसू आलं नाही. अर्धवट सोडलं तर ते वेडंवाकडं आकसेल, वाया जाईल. तो चार पावलं गेला, परत आला.

"एक ताईचं होतं," मार्सली म्हणाली. "बेटांचं. धरायला येतं सगळ्यांना, सांगायला कुणालाच नाही."

गाण्यातली मुलगी एकेका बेटाला विचारते, माझी होडी पाहिलीस का. बेथाग धार काढताना ते म्हणायची. ती गेल्यापासून टॉर्मोद गाईकडे फिरकला नव्हता. शेजारीण धार काढत होती.

"मला येतं," तो म्हणाला.

"अगं बाई! तुम्ही गाणार?"

"बाहेरूनच सांगतो."

"बाहेरूनच. बायकांच्या कामात आत पाऊल टाकलंत, तर याच कापडात गुंडाळून बडवू."

त्याने दाराला कपाळ टेकलं. पहिल्या ओळीला आवाज फाटला. आत कुणीतरी फिसकन हसलं, गप्प झालं. मग बायकांनी ध्रुवपद उचललं आणि कापड धप्प करून फळीवर पडलं. एक बेट झालं, दुसरं झालं. मधलं एक गायचं राहिलं म्हणून तो गाण्यात मागे गेला. बायकाही त्याच्याबरोबर मागे गेल्या. त्याचे पाय आता एका जागी होते.

अर्ध्या गाण्यात आवाज बदलला. धप्प बंद झालं. आता नुसते तळवे उघड्या लाकडावर पडत होते. कापड घट्ट झालं होतं, बायकांनी ते उचलून बाजूला ठेवलं होतं.

आत कुणीच थांबलं नाही. टॉर्मोदने पुढचं बेट घेतलं.