कोरा चौक

"आबा, मी परत येते. मला इथं नाही करमत."

चार महिन्यांसाठी प्रागला शिकायला गेलेली नात ऋजुता तिसऱ्याच दिवशी फोनवर रडत होती.

"ये की," मी म्हणालो. "पण त्याआधी रोज एक रस्ता चाल, त्याचा नकाशा काढून मला पाठव. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, तरी परदेश पाहिलेला नाही मी."

नकाशे येऊ लागले. बेकरी, ट्रामचा थांबा, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं चेरीचं झाड. मी ते छापून भिंतीवर जोडत गेलो. 'परत येते' पुन्हा ऐकू आलं नाही. मला वाटलं, रमली.

जूनमध्ये घरी आल्यावर ती पाठीवरची पिशवीही न उतरवता भिंतीसमोर उभी राहिली. रस्ते नीट जुळले होते. मधोमध एक जागा कोरी होती.

"हा चौक राहिलाच की गं! गृहपाठ अर्धवट?" मी चिडवलं.

ती हसली नाही.

"तिथून विमानतळाची बस सुटते, आबा. रोज वळसा घालून जायचे. एकदा जरी तिथं उभी राहिले असते, तर बसमध्ये चढलेच असते."