चमच्यावरची रेघ

"आंबट!" मडमेनं वाटी ओट्यावर आपटली. "पाहुणे खात नाही. काय घातला यात?"

सोनुबाईच्या हातात कस्टर्डनं माखलेला लाकडी चमचा तसाच होता. नवरा गेल्यापासून कर्जतच्या या रेल्वेसाहेबाच्या बंगल्यावर ती रांधत होती. तिच्यासारखं कस्टर्ड आसपासच्या कुठल्या बंगल्यात होत नसे. दूध, अंड्याचा बलक, साखर, मंद आच आणि एकसारखं ढवळणं. चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढायची. ती मिटली नाही की पातेलं उतरवायचं. चाखायचं मात्र नाही. गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घातल्यापासून तिनं अंडं जिभेला लावलं नव्हतं, हे मडमेलाही ठाऊक होतं.

"अंडीच शिळी असतील," ती बोलून गेली. "ही बुधी आणती ना, ठाकुरवाडीवरनं."

बुधी मागच्या दारात पाटी घेऊन बसली होती. पहाटे निघून घाट उतरून ती अंडी आणायची. दर खेपेला चिडवायची, "तू चाखत नाय, मग गोड झालं ते तुला कोण सांगतं गं बाय? मांजर?"

आज ती हसली नाही. उठून आत आली. सोनुबाईच्या चमच्यावरून बोट ओढलं आणि चाटलं. मग पातेल्याकडे पाहिलं. पाहुणे येणार म्हणून सोनुबाईनं सकाळी ते चिंचेनं लख्ख घासलं होतं. काठाच्या दुमडीत चिंचेचा चोथा अडकून राहिला होता. बुधीनं तो नखानं काढला आणि गुपचूप पदराला पुसला. मडमेचं लक्ष नव्हतं. सोनुबाईनं पाहिलं.

"व्हय, अंडीच शिळी व्हती," बुधी म्हणाली.

"उद्यापासून येऊ नको," मडमेनं तिला बजावलं.

बुधीनं पाटी डोक्यावर घेतली. सोनुबाईजवळून जाताना हळूच म्हणाली, "मला अंडी विकाया चौक गावचा बाजार हाय. तुला कुठंय गं दुसरी चूल?"

सोनुबाईची मान वर होईना. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. खाली घातलेल्या नजरेसमोर तो चमचा होता. त्यावर बुधीच्या बोटाची रेघ तशीच होती, मिटली नव्हती.

तिनं चमचा तोंडात घातला. आधी चिंच लागली, मग अंडं.

"थांब गं बुधे!" ती ओरडली आणि मडमेकडे वळली. "बाईसाहेब, पातेलं मी नीट धुतलं नाय. अंडी ताजी हायत. मी चाखलंय."