त्याच्याच शब्दांत

"मूळ वाक्य कुठे गेलं?" बाईंनी जबाबाचा कागद टेबलावर ठेवून विचारले.

चौकशी अधिकाऱ्याचा कारकून चष्मा पुसू लागला. शाळेत तो बाईंच्याच हाताखाली इंग्रजी शिकला होता. शेजारच्या खुर्चीवर बाईंची सून बसली होती. बाईंचा मुलगा कारखान्यात बॉयलरच्या वाफेने भाजला, त्याला जाऊन आज अकरा दिवस झाले होते. रुग्णालयात अखेरचे तो बोलला, ते फक्त आईशी.

"आहे की, बाई. 'बॉयलरची झडप नादुरुस्त असूनही काम चालू ठेवण्याविषयी वरिष्ठांनी सुचविले होते, असे मृताने सांगितल्याचे आई सांगते.'"

"'मुकाट्यानं चालव, नाहीतर घरी बस,' असं साहेब त्याला म्हणाला. त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं. यात सुचवलं कुठे?"

"डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना 'सेड'च्या जागी काय घालायचं, ते बोलणाऱ्याच्या स्वरावरून ठरवा, हे तुम्हीच शिकवलंत."

"तू ऐकला होतास स्वर?"

कारकुनाने मान खाली घातली. "बाई, मुलंबाळं आहेत मला. मवाळ लिही, असं वरून तोंडी सांगणं आहे."

"मग वरच्यांना सांग, तुझ्या बाई अजून जिवंत आहेत. खोड ते. अवतरणचिन्हं घाल आणि त्याचे शब्द लिही. गेलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द बदलायचा अधिकार कुणालाही नाही."

मग त्याने ओळ खोडली आणि बाई सांगत गेल्या तसे लिहून घेतले. बाईंनी ते दोनदा वाचले, सही केली आणि ताठ मानेने उठल्या.

"आई," सून बसल्या जागेवरूनच म्हणाली, "ह्यांनी जाताना माझी आठवण काढली, असं तुम्ही मला सांगितलंत. काय म्हणाले होते?"

"तेच. आठवण काढली."

"त्यांच्या शब्दांत सांगा."

बाईंनी टेबलाची कड धरली. त्या दिवशी सुनेला त्यांनीच घरी थांबवले होते. त्याचा भाजलेला चेहरा तिच्या दृष्टीस पडू नये म्हणून.

"'तिला बोलव ना, आई.'" बाई म्हणाल्या. "चार वेळा म्हणाला."

कारकुनाने नवा कागद पुढे ओढला.

"हे लिहू, बाई?"