बिनआवाजाची शिकवणी

“आई, उजवीकडे. अगं, दुसऱ्या उजवीकडे!”

फोनच्या पलीकडे आईने काहीतरी दाबलं. “गेलं,” ती म्हणाली.

“काय गेलं?”

“सगळंच. पांढरं झालं.”

सोन्याने कपाळावर हात मारला. घरात तो अजून सोन्याच होता; ऑफिसात हाताखालची माणसं त्याला सर म्हणत. त्यांच्यावर तो कधी आवाज चढवत नसे. तो मान फक्त आईचा.

बाबा गेल्यावर त्यांचं छपाईचं दुकान आईने एकटीने चालू ठेवलं होतं. गिऱ्हाईक सांभाळणं, कागद आणणं, मशीनची कुरकुर काढणं, सगळं तिला येत होतं. कॉम्प्युटरवर मजकूर मांडायचं काम तेवढं एक मुलगी करायची, आणि तिला नेमकी दुसऱ्या गावी नोकरी लागली. आता साबण बनवणाऱ्या बाईंची लेबलं अडली होती. उद्या त्यांचं प्रदर्शन. लेबलं आज मिळाली नाहीत तर त्या दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार होत्या, आणि आईकडे नेहमीचं म्हणावं असं काम त्यांचंच काय ते उरलं होतं.

“असं करू,” सोन्या म्हणाला. “मी माझ्या स्क्रीनवर सगळं करून दाखवतो, बोलत बोलत. त्याचा व्हिडिओ पाठवतो. तो बघ आणि तसंच्या तसं कर.”

विकतचं सॉफ्टवेअर वापरायचं नाही, हा सोन्याचा बाणा. त्याने स्क्रीन टिपणारा एक ओपन सोर्स रेकॉर्डर उतरवून घेतला. चार हौशी माणसांनी फावल्या वेळात बनवलेला, सगळ्यांसाठी खुला. सोबतची माहिती वाचायचे कष्ट काही त्याने घेतले नाहीत. बटण दाबलं आणि बोलायला लागला.

सुरुवात गोड झाली. “आई, हा बघ चौकोन. यात साबणाचं नाव लिहायचं.” चौकोन झाला, नाव झालं, अक्षरं ठळक झाली. पण जसजसा तो पुढे जाऊ लागला, तसतसे त्याला मागचे सगळे फोन आठवू लागले. “हे मी तुला हजारदा सांगितलंय. इथे तू हमखास चुकतेस.” लेबलाच्या कडेपाशी येईपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा पुरता सुटला होता. “खरं सांगू? तुला हे जमणार नाही. बाबांचं दुकान म्हणून उगाच ओढत बसलीयेस. एकदाचं कुलूप लाव. तूही सूट आणि मलाही सोडव!”

मग त्याने लेबल पुरं केलं आणि त्याच तावात व्हिडिओ पाठवून दिला.

डोकं थंड झालं ते आंघोळ करताना. आपण काय बोलून बसलो ते आठवलं आणि तो साबणाच्या अंगाने, टॉवेल गुंडाळून फोनकडे धावला. व्हिडिओ बघितल्याची खूण कधीच उमटली होती. त्याने फोन लावला. आईने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. आई रागावली की तडातडा बोलायची. दुखावली की मात्र एकदम गप्प व्हायची.

निदान किती वाईट बोललो ते तरी कळावं, म्हणून त्याने तोच व्हिडिओ स्वतः लावला. चौकोन आला, नाव आलं. शब्द मात्र एकही नाही. त्याने आवाज वाढवला. कानात इअरफोन खुपसले. काही नाही. मग त्याने रेकॉर्डरचं पान उघडलं. तिथे जगभरचे लोक एकच गाऱ्हाणं घेऊन बसले होते: आवाज कुठाय? कुणी विनवत होतं, कुणी दात-ओठ खात होतं. बनवणाऱ्यांचं सगळ्यांना एकच उत्तर होतं. “आवाजाची सोय अजून केलेली नाही. आम्ही नोकरी सांभाळून हे करतो. कुणाला येत असेल तर हातभार लावा.”

सोन्याने त्याखाली लिहिलं, “सावकाश होऊ द्या. मुळीच घाई नाही. तुमचे फार फार उपकार आहेत.”

संध्याकाळी आईचाच फोन आला. “सोन्या, झाली रे लेबलं! बाई घेऊनसुद्धा गेल्या.”

“फोन का उचलत नव्हतीस?”

“मशीन चालू होतं. त्यात फोन कुठला ऐकू येतोय?”

“आणि व्हिडिओ?” त्याने जपून विचारलं. “आवाज नव्हता ना त्याला?”

“अजिबात नव्हता. पण बरंच झालं बघ. थांबवायचा, करून बघायचं, पुढे जायचं. मध्ये कुणी अगं-अगं करत नाही की उसासे टाकत नाही. एकदा चुकले, माझी मीच सुधारलं. इतकं छान तू मला आजवर कधी शिकवलंच नव्हतंस.”

सोन्याचा जीव भांड्यात पडला. मनाशी तो थोडा ओशाळलाही. “मग पुढचाही असाच पाठवू?”

“असाच पाठव. पत्रिका कशा मांडायच्या ते दाखव आता. ते काम पण घेणारेय मी. फक्त एक सांग.”

“काय?”

“ती कड आखता आखता मध्येच थांबलास आणि तो माउसचा बाण आपला लेबलाभोवती नुसता गरगर, गरगर फिरवत बसलास. तेव्हा काय काय बोललास रे मला?”