डावा हात

सुलक्षणाने द्वारकाकाकूंना कुंकू लावायला डावा हात पुढे केला, पण आभासी दिवाणखान्यात हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना दिसला तो उजवाच. या आभासी जगात वावरताना हातात धरायची यंत्राची मूठ तिनेच घडवली होती, डाव्या तळव्यातही अलगद बसावी म्हणून मेणाचे कितीतरी साचे मोडून. तिच्या कंपनीने मात्र त्या मुठीत डावा हात उजवा दाखवणारा नियम घातला. त्या जगात डावखुरं कुणी दिसायचंच नाही.

"लोकांना खटकतं हो," तिने नियमांची यादी उघडलेली पाहून कंपनीचे साहेब तिच्या कानातल्या यंत्रातून म्हणाले. "नियम काढलात, तर उद्यापासून येऊ नका."

"लहानपणी आईने हा हात बांधून ठेवला होता, साहेब. पण तिला निदान तो दिसत तरी होता."

तिने नियम काढून टाकला. सगळ्यांदेखत उजवा हात विरला आणि डावा दिसू लागला.

"अगंबाई! डाव्या हाताने?" नागपुरात बसलेल्या काकू मागे सरकल्या.

"माझा हात हाच आहे, काकू. लावू, की उठू?"

 काकूंनी पदर सावरून कपाळ पुढे केलं.

"लाव. नाकावर सांडलंस तर मात्र बघ!"

नोकरी तर गेलीच होती. कुंकू लावताना सुलक्षणाने मुळीच घाई केली नाही.