तळहातांची ऊब

माळवदाचा कोपरा विरायला लागला, तसे यांगडोलने दोन्ही तळहात एकमेकांवर घासले. घाई करायची नाही, घाबरायचं नाही. घाबरलं की स्वप्न फाटतं.

कोपरा परत आला. वाळल्या गवताच्या पेंढ्या, हिवाळ्याचं कोवळं ऊन, आणि त्या उन्हात बसून जर्दाळूच्या बिया फोडणारी तिची लेक, कुन्झेस.

ही युक्ती मठातल्या म्हाताऱ्या भिक्षुणीची, चोमोलेंची. त्या चुलीशी बसून शिकवत होत्या आणि यांगडोल दाराशी उभी राहून ऐकत होती. "स्वप्न आहे हे ओळखायचं. निसटतंय वाटलं की हात चोळायचे, नाहीतर भिंतीला टेकवायचे. पण एक ध्यानात ठेव. मी ओळखायला शिकवतेय. धरून ठेवायला नाही."

चोमोलेंना बोलायला काय जातंय, असं यांगडोलच्या मनात आलं होतं. त्यांचं पोर काही नदीने नेलं नव्हतं.

गोठलेली नदी हीच गावाची हिवाळ्यातली वाट. बर्फ कडाडला तो आवाज, हातात आलेला गारठलेला हात आणि काळं पाणी. पुढचं तिला कधी आठवतच नसे. एकच प्रश्न मनात रुतून बसला होता आणि तो विचारायच्या आत दर वेळी स्वप्न मोडायचं. आज मोडू द्यायचं नव्हतं.

"आमाले, बी खा ना."

"नको गं. पोट भरलंय." खरंच भरलं होतं. हल्ली भूक कशी ती लागतच नसे.

"आबालेंनी थुकपा केलाय. पाणी एकीकडे आणि पिठाचे गोळे एकीकडे. वर म्हणतात, तुझी आमा असाच करायची."

यांगडोलला हसू आलं. नवरा, तुंडुप, चुलीजवळ गेला की भांडी लपवावीत अशी त्याची ख्याती. "तुला गं कसं ठाऊक?"

"करपल्याचा वास येतो ना."

यांगडोलने मान डोलावली. गेलेल्या माणसाला वासच तेवढा पोचतो. म्हणून तर घरोघरी त्याच्या नावाचं सातूचं पीठ निखाऱ्यावर जाळतात. लेकीला घरचं पोचतंय, हे ऐकून तिला बरं वाटलं.

तिने कुन्झेसची हनुवटी वर केली. आधीच्या स्वप्नांत तिथे बर्फाने कापल्याची जखम होती. मग खपली दिसली. आज खपली पडून आतली गुलाबी कातडी उन्हात चमकत होती. जिथे असेल तिथे पोरगी बरी होतेय म्हणायची.

"हात किती गार तुझे, आमाले. आणि बाह्या ओल्या."

"वाळतील. ऊन आहे." यांगडोलने मांडीवर थोपटलं. "ये, वेणी घालते. डोक्यात काय घारीने घरटं केलंय?"

"आबाले घालतात वेणी. दोरखंड वळल्यासारखी." कुन्झेस हसत जवळ सरकली, आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम फिका पडला. पेंढ्या विरल्या. खाली कुणीतरी खोकलं. तुंडुप उठला होता.

यांगडोलने घाईने हात चोळले. ऊब येईना. समोर कुन्झेसही तळहातांवर तळहात घासत होती, ओठ घट्ट मिटून. लहानपणापासून आईचीच नक्कल.

ऊन परत आलं, पण पातळ. आता थांबायला वेळ नव्हता.

"कुन्झेस, खरं सांग. त्या दिवशी तुझा हात मी सोडला का?"

पोरीने मान खाली घातली. फोडलेली बी तिच्या मुठीतून सुटून पडली, तिचा आवाजही झाला नाही.

"नाही, आमाले. तू नाही सोडलास." तिने आईची ओली बाही मुठीत धरली. "मी सोडला. तू धरलं होतंस. मलाच धरवेना. हेच सांगायला मी रोज तुला... आणि रोज राहून जातं."

यांगडोलने तिला कुशीत ओढलं. पोरीचं अंग ऊन ऊन होतं, नुकत्याच भाजलेल्या भाकरीसारखं.

"वेडे. बोटं गारठली की आपोआप सुटतात. त्याला का सोडणं म्हणतात? पाण्याचा जोर तो. तुझा नाही आणि माझाही नाही."

"रागावली नाहीस?"

"तुझ्यावर? थुकपा बिघडवणाऱ्या त्या बाबावर रागावेन."

कुन्झेस रडत रडत हसली. माळवद कडेकडेने पांढरं होत आलं. ती आईच्या कुशीतच हात चोळत राहिली, जोरजोरात, आणि खालून जिन्यावरून तुंडुपचा आवाज चढत आला, थकलेला, मऊ.

"कुन्झेस, ऊठ बाळा. उजाडलं. आज तुझ्या आमाचा शेवटचा घास निखाऱ्यावर घालायचाय. सोड आता तिला."