लोहाऱ्याचा समुद्र

धम्मदीप बायकोपोरांना समुद्र दाखवून आणायला गोव्याला गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईला त्यानं घरीच ठेवलं. त्याची भरपाई म्हणून रविवारी तो तिला लोहाऱ्याजवळच्या टेकडीवरल्या बागेत घेऊन आला.

"समुद्र पाहाले मले काहून नाही नेलं रे?" बाकड्यावर टेकताच इंदूबाईनं विचारलं.

खाली कारखान्यांचे पत्रे उन्हात लखलखत होते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. "थो काय खाली, माय. समुद्रच त हाय," तो बोलून गेला.

म्हातारीनं हात जोडले. धम्मदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाणी वर येऊन राह्यलं, बाबू," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली. बागेतल्या मैदानावर पोरी व्हॉलीबॉल खेळत होत्या. एकीनं खेळता खेळता उतारावर काढलेल्या सगळ्यांच्या चपला उचलून वर आणून ठेवल्या. थोड्या वेळानं दुसरीनं त्याच चपला आणखी वर, बाकड्यापाशी आणल्या. खाली कोणीच बघत नव्हतं.

त्याला राहवेना.

"माय, म्या खोटं बोललो. थो समुद्र नाही—"

"राहू दे, बाबू," लुगड्याचा ओला काठ पिळत आई म्हणाली. "पयले पाय वर घे."